स्मिता पाटील तुमच्या घरात कधी आणि कशी आली? (अनुभव धागा)

रानजाई

२०२४ च्या जूनमध्ये 'मंथन'ची नव्याने दुरुस्त केलेली प्रिंट थिएटरात लागली होती, तेव्हा आईला घेऊन गेले होते. काल दूधवाल्याचा हिशेब करता करता आईच म्हणाली, "ती स्मिताची बिंदू त्या शहरातल्या डॉक्टरकडे कशी रोखून बघते, नाही का?" आणि मग तासभर तेच बोलत होतो.

आईचं माहेर वाळव्याकडचं, घरी जनावरं, सकाळ-संध्याकाळ डेअरीत दूध घालायला जायचं. ती म्हणते, सिनेमातली गवळण डोक्यावर घागर घेऊन नाचायलाच असते. धार काढता येत असेल असं वाटणारी ही पहिलीच.

स्मिताचं काम मोजून बारा-एक वर्षांचं. दूरदर्शनच्या बातम्या, मग 'निशांत', 'मंथन', 'भूमिका', आपल्याकडे 'सामना', 'जैत रे जैत', 'उंबरठा', आणि नंतर हिंदीतले मोठे सिनेमे. चित्रपटांची यादी सगळ्यांना माहीत आहे. मला तुमच्या घरातली गोष्ट हवी आहे. लिहा ना.

वरळीकर

बातम्या! आधी बातम्याच.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या चाळीत एकच टीव्ही, पहिल्या मजल्यावरच्या काकूंकडे. मराठी बातम्यांना ती दिसायची. माझी आत्या रंगाने सावळी, तिला बघायला येणारे तेवढ्यावरून नाही म्हणून जायचे. घरात उघड कोणी बोलायचं नाही, पण आजी पावडरचा डबा पुढे करायची. स्मिता बातम्या द्यायला लागली तेव्हा आजोबा सगळ्यांसमोर म्हणाले, "ही पोरगी चांगली आहे, आपल्या मालूसारखी." आत्या आत निघून गेली. पण पुढच्या वेळी पाहुणे आले तर पावडर लावायला साफ नकार. तेच स्थळ जमलं, काका अजून सांगतात!

कॅमेऱ्यात अर्धंच दिसतं म्हणून ती जीन्सवरच साडी गुंडाळून बसायची, हे पुढे केव्हातरी वाचलं. आत्याला सांगितलं तर जाम खूश.

सायली_नाशिक

वरळीकर, आजोबांना दंडवत.

तिसरी_घंटा

पावडरवरून लिहितेच आता. सेटवरच आहे, पुढचा सीन लागेपर्यंत वेळ आहे.

मी छोटे सिनेमे आणि मालिका दोन्ही करते. नाव सांगत नाही. घोडबंदर रोडला शूट, सकाळी सातचा कॉल. पहिल्या मालिकेत मेकअप दादांना सूचना होती, हिला दोन शेड वर घ्या. मान वेगळी, चेहरा वेगळा. मी म्हटलं माझी शेड लावा, तर वरून निरोप आला, "ही आर्ट फिल्म नाही." त्या रात्री 'जैत रे जैत' पुन्हा बघितला. त्यातली तिची चिंधी उन्हात कातळावरून चालते, चेहऱ्यावर घाम, आणि त्या चेहऱ्यावरून नजर हलत नाही. मला तेव्हा त्याची फार गरज होती.

दुसरं, लोक हमखास विचारतात, इतके चांगले सिनेमे करतेस मग मालिका कशाला? कारण छोट्या सिनेमाचा निर्माता घरभाडं भरत नाही. मालिकेचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, पण येतात. एका सिनेमासाठी दीड महिना गावात राहिलो, मानधन 'बघू नंतर'. सिनेमा फेस्टिव्हलला गेला, आम्ही कलाकार आपापल्या तिकिटाने गेलो. तरी तो सिनेमा मी पुन्हा करीन, आनंदाने करीन. दोन्हीकडे काम करणारीला कोणी कमी लेखलं की मला राग येतो. १९८२ हे एक साल बघा: 'उंबरठा', 'अर्थ', 'बाजार', आणि त्याच वर्षी 'नमक हलाल' आणि 'शक्ती'. एकाच बाईची कामं आहेत ही.

बोलावलं, येते.

आणंदकर

रानजाई, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. वडील आणंदला डेअरीत नोकरीला होते, आम्ही भावंडं तिथेच वाढलो. 'मंथन' गुजरातेतल्या ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये घालून काढलेला सिनेमा. निर्माते म्हणून त्यांचंच नाव पडद्यावर येतं. लोक ट्रक भरभरून बघायला गेले, आपण काढलेला सिनेमा म्हणून. वडील सांगायचे, थिएटरबाहेर बायका एकमेकींना विचारत होत्या, ही कुठल्या गावची? मुंबईहून आलेली नटी आहे हे पटायचंच नाही. आणि पटकथा आपल्या तेंडुलकरांची, हे आमच्या घरी फार अभिमानाने सांगितलं जायचं.

सायली_नाशिक

उंबरठा. आई, दोन मावश्या आणि सासुरवाशीण असलेली मोठी काकू, चौघी मिळून गेल्या होत्या. येताना रिक्षात कोणी बोलेना. शेवटी काकू म्हणाली, "मुलीला सोडून जायला नको होतं." आई म्हणाली, "नवऱ्याने बदलीवर जायचं तर त्याला कोण विचारतं?" त्यावरून जे सुरू झालं ते दिवाळीपर्यंत चाललं, खरंच. काकूने तेव्हा बी.एड.चा फॉर्म आणून ठेवला होता, तो ट्रंकेत होता, कोणाला माहीत नव्हता. पुढच्या जूनला भरला. सिनेमामुळे भरला असं ती कधीच म्हणाली नाही. पण सिनेमातल्या स्मिताचं सुलभा महाजन हे नाव आमच्या घरात नातेवाइकाचं असल्यासारखं घेतात.

मधुमालती

"गगन सदन तेजोमय" आमच्या शाळेची प्रार्थना होती! सिनेमातली आहे हे कॉलेजात कळलं. सुरेश भटांची ना?

वरळीकर

नाही, वसंत बापट. भटांचं "सुन्या सुन्या". संगीत दोन्हीकडे हृदयनाथ.

मधुमालती

धन्यवाद काका. आमच्या बाई पेटीवर इतक्या सुंदर वाजवायच्या. कोणी जुन्या शाळांच्या प्रार्थनांचा धागा काढा, मी चार-पाच तरी देईन.

डोंगरपायथा

आश्रमशाळेत शिकवतो, बरीचशी मुलं ठाकर. एकदा प्रोजेक्टर आणून 'जैत रे जैत' लावला. "आम्ही ठाकर ठाकर" सुरू झालं तशी सगळी उभी राहिली, मागची बाकावर. पोळं काढायच्या सीनला एकजण मोठ्याने सांगत होता की धूर आधी करायला पाहिजे, त्याचे वडील काढतात. मुलींना मात्र चिंधीच पाहिजे होती. नवऱ्याकडून काडीमोड घेऊन, पैसे भरून मोकळी होते ती, हे त्यांना नवीन नव्हतं, आमच्यात असंच असतं म्हणाल्या. आपल्या घरचं पडद्यावर आलं याचं त्यांना जे वाटत होतं ते तोंडावर दिसत होतं. सहावीतल्या एकीने विचारलं, "सर, ही आमच्यातली हाय का?" मी म्हटलं, पुण्यात वाढलेली, वडील मंत्री होते. ती म्हणाली, "मंग आमच्याकडं राहिली असंल."

रेंज जाते इथे. उरलेलं नंतर.

रानजाई

डोंगरपायथा, हे वाचून दाखवलं आईला. तिने परत वाचायला लावलं.

केळीचंपान

माझा अनुभव वेगळा आहे, कधी लिहिला नाही.

डिसेंबर १९८६. मला नववा महिना, माहेरी आलेले. १४ तारखेला सकाळी पेपर दिसेना. बाबा म्हणाले, आज आलाच नाही. रेडिओही बंद. संध्याकाळी शेजारची मुलगी सहज बोलून गेली, तेव्हा कळलं. स्मिता बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत गेली, वय ३१. माझ्यापेक्षा थोडीच मोठी. मी खूप रडले, आणि घाबरले. आईने काही समजावलं नाही, माझ्याजवळ येऊन झोपली, मुलगी होईपर्यंत रोज.

'मिर्च मसाला' ती गेल्यावर आला. मुलगी आईकडे ठेवून मी आणि नणंद गेलो. मिरचीच्या कारखान्यातल्या त्या बायका शेवटी सुभेदारावर तिखट उधळतात, आणि ही कोयता घेऊन उभी. नणंदेने माझा हात इतका घट्ट धरला होता. मुलीचं नाव स्मिता ठेवावं असं मला फार वाटत होतं, सासूबाई नको म्हणाल्या, त्यांना भीती वाटली. त्यांचंही मला कळलं. आता नातीचं नाव ठेवलंय.

सायली_नाशिक

ताई, काय लिहू. नातीला खूप आशीर्वाद.

आणंदकर

🙏

पेठेतला

'भूमिका' कोणीच काढला नाही? आमच्या आजीने हंसा वाडकरांना 'रामजोशी'त थिएटरात बघितलेलं. 'भूमिका' त्यांच्याच आयुष्यावर आधारलेला म्हणून टीव्हीवर लागला तेव्हा आजी चष्मा लावून बसली, चूक काढायच्या तयारीने. लावणी झाल्यावर म्हणाली, "बाईंसारखी नाही नाचत." मग अर्ध्या तासाने, "पण बाई एकट्या असताना अशाच बसत असतील." बावीस वर्षांची होती हो ती तेव्हा! त्याच कामाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे 'चक्र'ला दुसरा.

'उंबरठा' चांगल्या प्रतीत कुठे बघायला मिळेल? ऑनलाइन आहे तो फार धुरकट आहे.

मधुमालती

मलाही हवाय. मुलाला दाखवायचाय, पुढच्या वर्षी लग्न आहे त्याचं.

तिसरी_घंटा

पॅकअप झालं. सगळं वाचलं बसमध्ये. केळीचंपान ताई, तुमचं दोनदा.

सत्यजित राय यांनी दूरदर्शनसाठी केलेली 'सद्गती' बघा कोणी बघितली नसेल तर, जेमतेम पाऊण तासाची आहे. ओम पुरी, मोहन आगाशे आणि ती. शेवटी पावसात नवऱ्याच्या प्रेताजवळ बसून ती जे करते, ते मी कितीतरी वेळा थांबवून थांबवून पाहिलंय, अभ्यास म्हणून. टीव्हीचं काम म्हणून तिने कुठे काही कमी केलेलं सापडत नाही.

वरळीकर काका, माझ्या आताच्या मालिकेत मेकअप दादांनी स्वतःहून माझी शेड आणली आहे. मालूआत्यांना सांगा.

वरळीकर

सांगतो. आता जेवायला बसलीय, मालिका कुठली ते विचारणार बघ ती. व्यनि (खासगी निरोप) करू का?

तिसरी_घंटा

करा 😊