फिटच्या गोळीची कंपनी केमिस्टने परस्पर बदलावी का?

लालबागची आई:
मुलगी १९ वर्षांची. फिटसाठी कार्बामाझेपाइन ४००, सकाळ-संध्याकाळ. तीन वर्षं एकही फिट नव्हती. गणपतीच्या आधी केमिस्टकडे नेहमीची कंपनी संपली होती. “काकू, आतलं औषध तेच, शिवाय स्वस्त,” म्हणत त्याने दुसरी दिली आणि मी घेतली. आठवड्याभरात ती म्हणायला लागली, गोळी घेतल्यावर तासा-दोन तासांनी गरगरतं, फळ्यावरची अक्षरं दोन-दोन दिसतात. विसर्जनाच्या आदल्या पहाटे फिट आली. हातातला चहा अंगावर सांडला, जीभ चावली गेली. हॉस्पिटलमधून घरी सोडलंय, पण नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी आहेत. माझं ठाम मत आहे, ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणीही बदलू नये.

दादरकर:
ताई, लेकीला लवकर बरं वाटो. पण सगळा दोष कंपनीला देऊ नका. माझे वडील आठ वर्षं लेव्हेटिरासिटाम घेतात, जनऔषधी केंद्रातून. कंपन्या कितीदा बदलल्या, फिट नाही. महागडीच धरून बसलो असतो तर महिनाअखेरीला गोळ्या चुकल्या असत्या, आणि चुकलेली गोळी सगळ्यात घातक. २०१६ साली अमेरिकेत लॅमोट्रिजिनच्या दोन जेनेरिक गोळ्या पेशंटना आलटून-पालटून देऊन बघितल्या, रक्तातलं प्रमाण सारखंच निघालं. आणि लालबागमध्ये त्या दहा दिवसांत झोप कुणाला असते? जागरणाने फिट येते हे तुम्हालाही माहीत असेल.

परळचा फार्मसिस्ट:
दादरकर, तुमच्या वडिलांचं औषध वेगळं, ताईंच्या मुलीचं वेगळं. ब्रिटनच्या औषध नियामकाने २०१३ मध्येच फिटच्या औषधांचे तीन गट केले. फेनिटॉइन, कार्बामाझेपाइन, फेनोबार्बिटोन पहिल्या गटात: एकाच कंपनीचं चालू ठेवा. व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन मधल्या गटात: पेशंट बघून डॉक्टरांनी ठरवायचं. लेव्हेटिरासिटाम तिसऱ्यात, तिथे कंपनी बदलल्याने सहसा बिघडत नाही.
ताई, जुनी पट्टी घरात आहे? नावापुढे ‘सीआर’ लिहिलंय का बघा.

लालबागची आई:
औषधाच्या डब्यात तळाशी सापडली. जुन्या पट्टीवर ‘सीआर ४००’ आहे. नव्या पट्टीवर नुसतं ४००.

परळचा फार्मसिस्ट:
मग नुसती कंपनी नाही, गोळीचा प्रकारच बदलला. सीआर गोळीतलं औषध हळूहळू सुटतं, म्हणून ती कुटून किंवा चावून घ्यायची नसते. साध्या गोळीतलं भराभर सुटतं. पातळी चढली की गरगर, दोन-दोन दिसणं, आणि पुढच्या डोसच्या आधी ती खाली येते. फिट त्यामुळेच आली असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण त्या केमिस्टने ही पट्टी तुम्हाला द्यायलाच नको होती, माझ्या धंद्यातला असला तरी. स्वतःहून डोस कमी-जास्त करू नका, गोळी थांबवू तर नकाच. डॉक्टरांना आजच फोन लावा.

गिरगावचे काका:
तीन वर्षं काही नव्हतं म्हणता, तर गोळी हवीच कशाला? उद्या लग्नाचं बघायचं, पाहुण्यांसमोर गोळ्यांचा डबा बरा दिसतो का? बंद करून बघा.

सायनची नर्स:
काका, हात जोडते, हे कुणाला सांगू नका. गोळी एकदम बंद केल्यावर फिटवर फिट येत राहिलेले पेशंट मी वॉर्डात पाहिलेत. फिट पाच मिनिटांच्या वर गेली तर कांदा-चप्पल हुंगवत न बसता थेट १०८ ला फोन करायचा. गोळी बंद करायचीच झाली तर डॉक्टर ती काही महिन्यांत हळूहळू उतरवतात. आणि लग्नाचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यातली अपस्माराची आडकाठी १९९९ मध्येच गेली. लग्नाआधी डॉक्टरांशी बोलायचं ते वेगळ्या कारणासाठी. व्हॅल्प्रोएटमुळे बाळात जन्मजात दोष येऊ शकतात, कार्बामाझेपाइनमुळे गर्भनिरोधक गोळ्या कमी पडतात. हे मुलींना कुणी सांगतच नाही.

दादरकर:
सीआरचं शंभर टक्के मान्य. पण हे वाचून कुणी घाबरून स्वस्त गोळी सोडू नये, एवढंच माझं म्हणणं. आणि जागरणाचा मुद्दा मी सोडलेला नाही.

लालबागची आई:
दोन रात्री जागरण झालं होतं, ते लपवत नाही. मंडळात रांगोळीला बसली होती. पण जागरण तिने मागची दोन वर्षंही केलं होतं. डॉक्टर फोनवर भेटले, उद्या अकराला बोलावलंय. दोन्ही पट्ट्या पर्समध्ये ठेवल्यात.