दुसऱ्या महायुद्धात हरल्यावरही जपानचा सम्राट गादीवर काहून राहिला? आन् राहून त्याच्या हाती उरलं काय?

पऱ्हाटीवाला (दारव्हा)
राजेहो, आमच्या अभ्यासिकेत वाद पेटला आहे. एक गट म्हणतो, 1 जानेवारी 1946 ला सम्राट हिरोहितोनं देवपण सोडलं आन् तिथंच राजेशाही संपली. दुसरा म्हणतो, बदललं काहीच नाही, तोच माणूस 1989 पर्यंत गादीवर होता. तिसऱ्याच्या मते तो आपल्या राष्ट्रपतींसारखा झाला. मुख्य परीक्षेच्या उत्तरात नेमकं काय लिहावं? कलमं सांगा, मोघम नको.

बिनपगारी मास्तर (आर्वी)
तिन्ही गट एकेक तुकडा धरून बसले, भाऊ. उत्तर 1946 पासून सुरू करू नको, 1889 च्या मेजी राज्यघटनेपासून, म्हणजे जपानच्या जुन्या घटनेपासून कर. तिच्या चौथ्या कलमात सार्वभौम सत्ता सम्राटाच्या ठायी एकवटलेली, अकराव्यात भूदल-नौदलाचं सरसेनापतिपद, तेराव्यात युद्ध पुकारायचा नि तह करायचा अधिकार. पण 55 वं कलम सगळे विसरतात. सल्ला मंत्र्यांनी द्यायचा आणि हुकुमावर मंत्र्याची सही असल्याशिवाय तो चालायचा नाही.

खरी मेख लष्करात होती. लढाईच्या बाबतीत सेनाप्रमुख मंत्रिमंडळाला वळसा घालून थेट सम्राटाकडे जात. त्यात युद्धमंत्री नोकरीतलाच वरिष्ठ लष्करी अधिकारी हवा, हा जुना नियम 1936 मध्ये परत आला. लष्करानं माणूसच दिला नाही की सरकार पडलं. जुलै 1940 मध्ये पंतप्रधान योनाईंचं सरकार असंच गेलं. कारभार सम्राटाच्या नावानं आणि जाब द्यायला कुणीच नाही, हा तो घोळ. नवी घटना समजायची तर आधी हा समजला पाहिजे.

आता 1947 ची नवी घटना. कलम 1: सम्राट हा राज्याचं आणि जनतेच्या ऐक्याचं प्रतीक; पद जनतेच्या इच्छेवर, सार्वभौम सत्ता जनतेकडे. कलम 3: राज्यकारभाराशी निगडित त्याच्या प्रत्येक कृतीला मंत्रिमंडळाचा सल्ला आणि मान्यता, जबाबदारीही मंत्रिमंडळाचीच. कलम 4: शासनाचे अधिकार शून्य. कलम 9 नं सैन्यच बाद केलं, म्हणजे सरसेनापतिपदाचा विषय मिटला.

आणि 8 व 88 ही कलमं जरूर लिही, पोरं सहसा लिहीत नाहीत. राजघराण्याची मालमत्ता राज्याची झाली, खर्च संसदेनं मंजूर करायचा, आणि संसदेच्या परवानगीशिवाय मालमत्ता घेणं-देणं बंद. कोठीची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला गेली की वाड्याचा रुबाब किती राहतो, हे वऱ्हाडात कुणाला सांगायला नको.

गाविलगड
मास्तर बरोबर आहेत, 1 जानेवारीबद्दल मी सांगतो. त्या दिवशी सम्राटानं काढलेल्या फर्मानाची सुरुवात मेजी सम्राटाच्या 1868 च्या पाच कलमी शपथेनं होते. देवत्वाचा भाग मधेच, तोही थोडका: सम्राट आणि प्रजेचं नातं दंतकथांवर किंवा सम्राट देव आहे या खोट्या कल्पनेवर उभं नाही, असा त्याचा आशय. सूर्यदेवी आमातेरासूपासूनचा वंश त्यात नाकारलेला नाही. म्हणून उत्तरात 'मी देव नाही' असं अवतरणात टाकू नको, ते वाक्य त्यात नाहीच. कायद्यानं त्या दिवशी काही बदललं नाही. मेजी घटना 2 मे 1947 पर्यंत लागू होती.

गादी काहून राहिली? दोस्त राष्ट्रांनी जपानला शरण यायला सांगितलं त्या 26 जुलै 1945 च्या पॉट्सडॅम घोषणेत सम्राटाबद्दल अवाक्षर नव्हतं. जपाननं 10 ऑगस्टला सम्राटाचे अधिकार शाबूत राहावेत अशी अट घातली. अमेरिकेचं उत्तर मोठं बेरकी: सम्राट आणि सरकार दोघंही दोस्तांच्या सर्वोच्च सेनापतीच्या अधीन राहतील, आणि शेवटी शासन कसं असावं ते जपानी जनता ठरवेल. हमी दिली नाही, गादीही मोडली नाही.

मग हा सर्वोच्च सेनापती, अमेरिकन जनरल मॅकआर्थर, जपानात आला. त्याच्या नि सम्राटाच्या 27 सप्टेंबरच्या भेटीचा फोटो पाहा. हा उघड्या गळ्याच्या खाकी सदऱ्यात, हात कमरेवर. शेजारी हिरोहितो कडक औपचारिक पोशाखात, उंचीनं बराच कमी. जपानी गृहखात्यानं फोटो छापणारी वर्तमानपत्रं अडवली, अमेरिकन मुख्यालयानं बंदी उठवली. माझ्या मते सामान्य माणसाला सत्ता कुठं गेली ते या फोटोनं कळलं, फर्मानानं नाही.

25 जानेवारी 1946 ला मॅकआर्थरनं वॉशिंग्टनला तार केली: सम्राटावर खटला भरला तर देश सांभाळायला निदान दहा लाख फौज लागेल. पुढं जपान सरकारच्या मात्सुमोतो समितीनं केलेला घटनेचा मसुदा वर्तमानपत्रात फुटला. त्यात सम्राटाची सत्ता जवळपास जुनीच होती. मग मॅकआर्थरच्या माणसांनी आठवड्याभरात स्वतः मसुदा लिहून 13 फेब्रुवारीला जपान्यांपुढं ठेवला. घाई यासाठी की महिनाअखेर अकरा दोस्त राष्ट्रांचा आयोग बसणार होता, आणि त्यातल्या काहींना सम्राट नकोच होता.

तारखांत गुण जातात: 3 नोव्हेंबर 1946 ला घटना जाहीर, 3 मे 1947 ला लागू. सम्राटाचं रेडिओवरचं भाषण 15 ऑगस्ट 1945 ला, शरणागतीच्या कागदावर सह्या 2 सप्टेंबर 1945 ला.

सीताबर्डी
राष्ट्रपतींशी तुलना थोडी जपून. आपल्याकडं कार्यकारी सत्ता कलम 53 नुसार राष्ट्रपतींच्या ठायी आहे, ते ती मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वापरतात. 44 व्या दुरुस्तीनंतर सल्ला एकदा फेरविचाराला पाठवता येतो, कलम 111 खाली विधेयकही परत करता येतं. जपानात कलम 65 नं कार्यकारी सत्ता थेट मंत्रिमंडळालाच दिली. सम्राट पंतप्रधानाची नेमणूक करतो ती संसदेनं निवडलेल्याचीच. कायदा परत पाठवायची सोय नाही. 'राष्ट्रप्रमुख' हा शब्दही त्या घटनेत नाही.

आपल्या मातीतलं उदाहरण द्यायचं तर नागपूरकर भोसल्यांचं दे, पण फरक दाखवून. 1803 मध्ये इंग्रजांशी अडगावची लढाई हरल्यावर आणि गाविलगड किल्ला गेल्यावर देवगावच्या तहानं दुसऱ्या रघुजींची गादी राहिली, पण कटक आणि वर्धेच्या पश्चिमेचं वऱ्हाड गेलं, नागपुरात इंग्रज रेसिडेंट बसला. 1817 च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेबांची गादीच गेली, अल्पवयीन तिसऱ्या रघुजींच्या नावानं रेसिडेंट जेन्किन्सनं कारभार केला. इथं सत्ता राजाकडून कंपनीकडं गेली. जपानात निदान कागदोपत्री ती जनतेकडं गेली.

पऱ्हाटीवाला (दारव्हा)
हे लय कामाचं झालं. पण अधिकार शून्य म्हणजे माणूस खरंच गप्प बसला काय?

बिनपगारी मास्तर (आर्वी)
नाही ना. सप्टेंबर 1947 मध्ये, म्हणजे नवी घटना लागू झाल्यावर, त्यानं दरबारी सल्लागारामार्फत अमेरिकनांना निरोप धाडला: ओकिनावावर तुमचा लष्करी ताबा 25 ते 50 वर्षं किंवा जास्त राहू द्या, सार्वभौमत्व जपानचं ठेवा. हे उघडपणे कलम 4 च्या बाहेरचं. मंत्री राजवाड्यात जाऊन खासगीत माहिती देत, ती रीतही सुटली नाही. 1973 मध्ये संरक्षण विभागाचे प्रमुख मासुहारा यांनी अशा भेटीत सम्राट काय बोलले ते पत्रकारांना सांगितलं, आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. गंमत बघ, गेला तो सांगणारा. बोलणाऱ्याला जाब विचारायची सोयच नव्हती, कारण कलम 3 प्रमाणे जबाबदारी मंत्रिमंडळाची. हा मुद्दा कलम 3 च्या परिच्छेदातच घाल, वेगळा काढू नको.