जेवायला गेलात, सर्व्हिस बेकार निघाली. मग तुम्ही काय केलंत?

मागच्या महिन्यात बाबांची पंचाहत्तरी झाली. गंगापूर रोडवरच्या एका बऱ्यापैकी हॉटेलात आम्ही अकरा जण गेलो होतो. टेबल आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं. साडेआठचं टेबल सव्वानऊला मिळालं, तेही दोन टेबलं जोडून, एक उंच एक बुटकं. स्टार्टर संपल्यावर सूप आलं. बाबांची कवळी नवीन आहे, म्हणून "दाल खिचडी, मऊ, अजिबात तिखट नको" असं मी दोनदा सांगितलं होतं. सगळ्यांनी लिंबूपाण्यात बोटं बुडवून झाल्यावर ती आली. वर लाल मिरच्यांचा खमंग तडका. बाबांनी चमच्याने मिरच्या बाजूला सारल्या, एक घास घेतला आणि म्हणाले, "असू दे रे, मला तशी भूकच नाहीये."

आणि मी काय केलं? बिल भरलं. शंभर रुपये टिप ठेवली. दारातल्या माणसाने "कसं होतं जेवण सर?" विचारलं तर "छान" म्हणालो! घरी येऊन रात्री साडेअकराला आईने बाबांना दूधपोळी कुस्करून दिली. मला झोप लागेना. खिचडीचं काही नाही, ते "छान" टोचत होतं.

म्हणून हा धागा. काय बिघडलं ते थोडक्यात लिहा, पण त्या वेळी तुम्ही काय केलंत ते नीट सांगा. हॉटेलांची नावं नकोत. नाशिक अजून ओळखीपाळखीचं गाव आहे, कुठला मालक कुणाचा मामेसासरा निघेल सांगता येत नाही.

काळा रस्सा

रविवारी सकाळी दहाला मळ्यातल्या मिसळीला जाणाऱ्याने सर्व्हिसबद्दल बोलूच नये, असं माझं मत आहे. तरी सांगतो. पाऊण तास नंबर लावून बसलो. ताट आलं: मटकी, शेव, पापड, दही, सगळं जागच्या जागी. रश्श्याची वाटी दोन पावांतच संपली. "दादा, रस्सा" तीनदा झालं. दादा मान डोलावून जायचा तो जायचाच. शेवटी मी उठलो, काउंटरजवळची रश्श्याची बादली उचलली आणि आमच्या टेबलावर वाढलं. तेवढ्यात शेजारून हाक आली, "ओ दादा, इकडं पण!" चार टेबलं वाढली. एका काकूंनी कांदाही मागितला. बिलात सवलत शून्य.

सातपूरकर

आमच्या शिफ्टच्या पोरांची पार्टी होती. बिलात खाली 'सर्व्हिस चार्ज १० टक्के', आणि त्या बेरजेवर पुन्हा जीएसटी. सर्व्हिस तर अशी की पाण्याचा जग आम्हीच बाजूच्या टेबलावरून आणलेला. मी म्हटलं, हा चार्ज काढा. "सिस्टीममधून निघत नाही सर."

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची जुलै २०२२ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही लावायचा नाही, तो ऐच्छिक आहे. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. हे सगळं मॅनेजरला ऐकवलं तर तो छताकडे बघत होता. मग मी मोबाईलवर १९१५ टाइप केलं (राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन) आणि फोन टेबलावर ठेवला. लावला नाही, नुसता ठेवला. पाच मिनिटांत सिस्टीममधून निघालं. वाचलेल्या पैशांतले दोनशे वाढणाऱ्या पोराच्या हातात दिले.

पाण्याचा हिशोब

सातपूरकर, भारीच. मी पाण्याच्या बाटलीवरून असाच भांडलो होतो. छापील किमतीच्या दुप्पट लावले होते. बायको पर्स घेऊन गाडीत जाऊन बसली, पण मी सोडलं नाही. दहा रुपये परत घेतले.

सातपूरकर

तुम्ही जिंकलात खरं, पण कायदा तुमच्या बाजूने नव्हता. हॉटेलात बसून खाताना बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त लावू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच सांगितलंय. कारण तिथे नुसती विक्री नसते, सेवाही असते. "साधं की बाटली?" विचारतात ना, तिथेच "साधं" म्हणायचं.

पाण्याचा हिशोब

बायकोला हे दाखवत नाही.

एकटीच

कामानिमित्त गावोगाव फिरते, एकटी जेवते. मुंबई नाक्याजवळ एका ठिकाणी गेले तर पहिला प्रश्न, "मॅडम, अजून कोण येणारे?" मी म्हटलं, "जेवण येणारे." मग बेसिनशेजारचं टेबल दाखवलं. समोर तीन टेबलं रिकामी, पण ती 'फॅमिलीसाठी'. मी भांडले नाही, नुसती उभी राहिले. वाटेतच, किचनच्या दारासमोर, बॅग खांद्याला लावून. ट्रे घेतलेली पोरं माझ्या कडेकडेने जायला लागली. दोन मिनिटांत मी फॅमिली झाले.

पुलाव

निघून आलो. भद्रकालीत गाडीवर खाल्लं. झकास.

पलीकडच्या बाजूने

मी चौदा वर्षं या लाइनीत आहे, सध्या एका फॅमिली हॉटेलात कॅप्टन, म्हणजे ऑर्डर घेणारा, वाढणाऱ्या पोरांवरचा. धागा वाचून हसूही आलं आणि लाजही वाटली.

खिचडीचं काय झालं असेल ते सांगतो. ऑर्डर घेतली की केओटी निघते, म्हणजे किचनची चिठ्ठी. तंदूर, ग्रेव्ही, चायनीज यांचे मास्टर (आचारी) वेगळे, चिठ्ठ्या वेगळ्या. अकरा जणांच्या टेबलाच्या तीन चिठ्ठ्या तीन रांगांत लागतात. म्हणून रोटी आधी येते आणि भाजी मागून, किंवा उलटं. मधेच "एक रोटी अजून" म्हटलं की ती नवी चिठ्ठी, रांगेत शेवटी. आणि 'तिखट नको' हे मशीनमध्ये वेगळं टाइप करावं लागतं. शनिवारी रात्री, मुंबईच्या गाड्या बाहेर उभ्या असताना, कॅप्टन ते टाइप करत नाही, पोराला तोंडी सांगतो. पोरगं नवीन. दिवाळी-छटला जुनी मुलं गावी जातात, बदली आलेल्याला अजून मराठी कळत नसतं. मास्टरपर्यंत फक्त 'दाल खिचडी १' पोचतं.

तेव्हा एकच विचारा, "केओटीवर लिहिलंत का?" ऐकणारा सरळ होतो. पोरावर ओरडून काही होत नाही. डिश बदलायची किंवा बिलातून कमी करायची ताकद कॅप्टन-मॅनेजरकडे असते. पहिल्या घासाला सांगाल तर बदलून मिळते. ताट रिकामं करून सांगाल तर आम्हीही माणसंच आहोत.

गोड खाणार नाही

मी तेव्हा तोंडाने काही बोललो नाही, घरी जाऊन एक स्टार दिला. सविस्तर लिहिलं. वाढणारा मुलगा उद्धट होता म्हणून त्याच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नावही टाकलं. मला तेव्हा वाटलं, बरी जिरवली.

दीड महिन्याने ऑफिसच्या लोकांबरोबर पुन्हा तिथेच जावं लागलं. तो मुलगा दिसला नाही. सहज विचारलं. बडीशेपेची वाटी ठेवता ठेवता मॅनेजर म्हणाला, "सर, तुमचीच कंप्लेंट होती ना?" समोर गुलाबजाम होता. तसाच ठेवून उठलो. रिव्ह्यू काढून टाकला, पण मुलगा कुठे गेला ते तिथे कुणी सांगेना.

धागाकर्ता

सगळ्यांचं वाचतोय. कॅप्टनसाहेब, तुमचा मंत्र वापरला. काल बाबांना घेऊन त्याच हॉटेलात गेलो. दुपारी, आम्ही दोघंच. "मऊ खिचडी, तिखट नाही, आणि हे केओटीवर लिहा." ऑर्डर घेणाऱ्याने मान वर केली. "लाइनीतले का सर?"

खिचडी आली ती पिवळीधमक, चमच्यातून न तुटता ओघळणारी, वर तुपाचं तळं. बाबांनी निम्मी संपवली आणि हळूच म्हणाले, "मीठ कमी आहे."

"सांगू का?"

"टेबलावर मीठ आहे की. कशाला?"

निघताना दारात तोच माणूस. "कसं होतं जेवण सर?" मी तोंड उघडायच्या आत बाबा थांबले, काठी टेकली आणि म्हणाले, "मीठ कमी होतं. आणि मागच्या महिन्यातली खिचडी तिखट होती."