हाताने केलेले दागिने आणि हाट-मेळ्यातली बैठक : तुमचे अनुभव लिहा

माळवेकरीण
काल दिवाळीचे डबे काढताना माळ्यावरून बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा खाली आला. आत गंजलेली पक्कड, मूठभर लाल मणी, तळहाताएवढा आरसा आणि बाजार बैठकीची (हाटात बसायच्या पैशांची) पावती. कुक्षीची. शिडीपाशीच बसले मग. डबे राहिले तसेच.

२००३ साली ह्यांची बदली इंदूरहून धार जिल्ह्यातल्या कुक्षीला झाली. रामबागेतून उठून एकदम तिथे. दिवस जाईना म्हणून मण्यांच्या माळा ओवायला लागले. शेजारीण म्हणाली, हाटात घेऊन बसा की. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "आपल्याकडे जमिनीवर बसून कुणी काही विकलेलं नाही." तरी बसले. खाली पोतं, वर जुनी चादर, शेजारी लसणीवाला.

दुपारपर्यंत एक माळ गेली नाही. बायका यायच्या, माळ तळहातावर तोलायच्या, दोन्ही टोकं धरून झटका द्यायच्या आणि ठेवून द्यायच्या. भाव विचारतच नव्हत्या. मग एक म्हातारी भिलाळी आदिवासी बाई आली, गळ्यात ही जाड हंसली. तिने झटका दिला आणि माळ तुटली! मणी धुळीत. मी रडायच्या बेतात. बाईने एक एक मणी वेचून पदरात घेतला, कमरेच्या बटव्यातून मेणाचा खडा काढला, माझाच दोरा दोनदा त्यातून ओढला, आणि समोर बसून अख्खी माळ परत ओवली. दर पाच मण्यांना गाठ. मग माझ्या हातात देऊन म्हणाली, आता तू ओढ. ओढली. काही झालं नाही.

घेतली नाही हो तिने! तुझा लाल फिका आहे, म्हणाली.

तुमच्यापैकी कोण कोण बसलंय असं? हाट, मेळा, प्रदर्शन, सोसायटीचा गणपती, काहीही चालेल. लिहा.

पोहे_जिलेबी
आई गं. "तुझा लाल फिका आहे." बस आली, रात्री लिहिते.

टिकली
आरसा!! हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर दोन वर्षं वाया गेली नसती. इंदूरला ढक्कनवाला कुआँच्या ग्रामीण हाटात पहिल्यांदा टेबल लावलं तेव्हा सगळं होतं, मखमल, स्टँड, दिवे, कार्ड. आरसा नव्हता. बायका कानाला झुमका लावून मोबाईलच्या कॅमेऱ्यात बघायच्या, तेवढ्यात कुणाचा तरी फोन यायचा, आणि माझं गिऱ्हाईक बोलत बोलत लोणच्याच्या स्टॉलवर. आता मोठा आरसा असतो आणि एक प्लॅस्टिकचा स्टूल. स्टूल नवऱ्यांसाठी. उभा नवरा पाच मिनिटांत "चला" म्हणतो, बसलेला पंधरा मिनिटं म्हणत नाही.

सुईदोरा
टिकली, स्टूलचं लिहून ठेवलं.
माळवेकरीण, मेणाचं अगदी खरं आहे. तन्मणी ओवताना माझी आजी पण मेणच वापरायची, देवघरातली मेणबत्ती पळवून. दोऱ्याचं तूस दबतं, मण्याच्या भोकाची धार दोऱ्याला कापत नाही. काचेच्या मण्यांची भोकं आतून करकरीत असतात, हात लावून कळत नाही.
एक शंका, तुमचे मणी किती नंबरचे होते?

माळवेकरीण
११ नंबर बहुतेक. नवीन होते तेव्हा ८ मागवले बारीक समजून आणि ज्वारीएवढे आले. नंबर मोठा तर मणी बारीक, हे उलटं गणित कुणी सांगितलंच नाही.

लष्करवाली
जानेवारीतला ग्वाल्हेरचा मेळा. समोरचा पापडवाला धुक्यात दिसत नाही, नुसता वास येतो. बोटं इतकी गारठलेली की २६ गेजची तार नखाखाली गेली ते दुखून नाही कळलं, मोती लाल दिसला तेव्हा कळलं. तो मोती काढून टाकला, काळजी नको :)

आजेसासूबाई फार खवचट होत्या. मेळ्याचा इतिहास त्यांना पाठ. "१९०५ साली माधवराव महाराजांनी सुरू केला तेव्हा गुरांचा मेळा होता, तू टेबल लावल्यापासून आता माकडांचा झाला." मी नथी विकायचे, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत लग्नसराईला बऱ्या जायच्या. बाकी लोकांना नथ म्हणजे काय ते समजावण्यातच दिवस जायचा. एकीने विचारलं, ये ब्रोच है क्या? हो म्हणाले. घेतलं तिने. आजही कुठल्यातरी स्वेटरवर माझी नथ असेल.

आणि खरं सांगू, तिकडे अर्धी गर्दी गाड्यांच्या सेक्टरला असते. सरकारने जाहीर केली त्या वर्षी रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट मिळते ना. एका वर्षी सात दिवसांत मी चौदा हजारांचा धंदा केला आणि त्याच मेळ्यातून आमचे हे स्कूटर घेऊन आले. म्हणजे किती कमावलं ते तुम्हीच काढा.

नुसताच_वाचक
ब्रोच!! हसून चहा सांडला.

एकदा_तरी
थोडं कडू लिहिते. मॉलमधल्या एका प्रदर्शनात तीन दिवसांचं भाडं आगाऊ घेतलं, "ज्वेलरीचे फक्त चार स्टॉल" म्हणाले होते. जाऊन बघते तर अकरा. त्यातल्या सहांकडे एकाच घाऊकवाल्याचा माल, पॅकेटसकट. माझ्या ठुशीला ६५०, त्यांची १८०. दिसायला लांबून सारखीच. दिवसभर "वहाँ तो एक सौ अस्सी में है" ऐकलं. आयोजकांना फोन केला तर पुढच्या वेळी बघू. पुढची वेळ मी दिली नाही.

संध्याकाळी एक कॉलेजची मुलगी आली. दोन्ही ठुशा हातात घेऊन उलट्या केल्या. मागची बाजू बघितली फक्त. माझी घेतली. उलटी करून बघणारं गिऱ्हाईक आलं की मला अजून भरून येतं.

टिकली
+१, उलटी करून बघणाऱ्यांसाठी वेगळा स्वर्ग असावा.

बडोदेकर काका
नमस्कार. निवृत्तीनंतर सौ.च्या दुकानात मी बिनपगारी मदतनीस आहे. बडोद्यात आमचा सगळा धंदा नवरात्रीच्या आधीचे वीस दिवस. ऑक्सिडाइजचे हार, कमरपट्टे, कडी. पहिल्या वर्षी तिसऱ्या रात्रीनंतर एक मुलगी आईला घेऊन आली, मानेभोवती लालभडक पुरळ. आई म्हणाली, तुम्ही तर सिल्व्हर म्हणाला होतात. आम्ही जर्मन सिल्व्हर म्हणालो होतो, पण ऐकणाऱ्याला शेवटचाच शब्द ऐकू येतो. त्यात चांदी नावालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. निकेल काहींच्या त्वचेला चालत नाही आणि गरब्याचा घाम म्हणजे विचारूच नका. पैसे परत केले. तेव्हापासून पाटी लावली आहे, गुजरातीत आणि हिंदीत : यात चांदी नाही. सौ. म्हणाली धंदा बसेल. बसला नाही. उलट लोक पाटीचा फोटो काढतात.

मागच्या बाजूला पारदर्शक नेलपॉलिशचे दोन हात द्यावेत, नऊ रात्री निघतात. दहाव्या रात्रीची हमी नाही.

लष्करवाली
काका, मदतनिसाला पगार द्या म्हणावं.

बडोदेकर काका
मागितला होता. भाकरवडी मिळाली.

काळीमाती
मी टेराकोटावाली. सुदामानगर, गच्ची, तीन कुंड्या आणि सासूबाईंचा जुना पीठ चाळायचा चाळणा (त्यांना अजून माहीत नाही). माती दोनदा गाळायची, गोळा मळून दोन दिवस ओल्या फडक्यात, मग झुमक्यांचे घुमट, सावलीत सुकवायचे. उन्हात ठेवले की तडे. आत ओल राहिली की भाजताना फटाका. एका वर्षी हरतालिकेच्या आधीचा अख्खा लॉट असा उडाला, ४० जोड, गच्चीवर टुण्ण टुण्ण आवाज आणि खालचे काका ओरडतायत बंदर आए क्या.

गोवऱ्या आणि भुशात भाजते. वारा मिळाला की लाल होतात, वरून भुसा दाबून हवा कोंडली की काळे. रंग लावत नाही मी. पण लोक विचारतात, मॅडम ब्लॅक में कौनसा पेंट? पेंट नाही म्हटलं की विश्वास बसत नाही. एकीने तर थुंकी लावून घासून बघितलं. तो जोड मग तिलाच घ्यायला लावला.

सुईदोरा
थुंकी!!! ईईई. बरं केलंत.

सराफ्याचा_नातू
दागिने करत नाही, पण राहवलं नाही म्हणून. आजोबा इंदूरच्या सराफ्यात पॉलिशचं काम करायचे. रात्री तुम्ही जिथे उभं राहून गराडू (तळलेला कंद) खाता तिथल्याच ओट्यावर दिवसा. संध्याकाळी दुकानं झाडली जायची तो कचरा फेकत नसत, झारेकरी येऊन विकत घ्यायचे. हिंदीत नियारिया म्हणतात. माती धुऊन, गाळून सोन्याचा कण काढायचे. आजोबा घरी आल्यावर दारातच पितळेच्या परातीत पाय धुवायचे आणि ते पाणी आजी फेकायची नाही. महिनाभर साठवायची. किती सोनं निघालं देव जाणे, आम्हाला मात्र परातीत पाय घातला म्हणून धपाटे मिळाले.

पोहे_जिलेबी
नातू, सुरेख. पण गराडू म्हणालात आणि संपलं सगळं. सुरू झाले का?

सराफ्याचा_नातू
अजून नाही. थंडी पडू दे.

नुसताच_वाचक
अवांतर : वरून जिरावण मसाला जास्त घ्या, लिंबू कमी.

सुईदोरा
गराडूचा वेगळा धागा काढा, इथे मोती आहेत!

पोहे_जिलेबी
आले रात्रीची. माझं फार नाही. आई नथी करायची. आठ-दहा मोती, लाल खडा मध्ये, मागे तारेची बारीक गुंडाळी. डोळे गेले तरी बोटांवर करायची, मोत्यांचे आकार चिमटीत ओळखायची. मला एवढंच काम, मोती वाटीत ओतायचे आणि वाटी हलवायची नाही. दर संक्रांतीला राजेंद्रनगरच्या हळदीकुंकवाच्या मेळाव्यात कोपऱ्यात टेबल. ती गेल्यावर पेटीत सोळा नथी निघाल्या, पंधरा पूर्ण. सोळावीची तार तशीच उघडी. मला येत नाही बंद करायला, आणि दुसऱ्या कुणाकडून करून घ्यावी असं वाटत नाही.

माळवेकरीण
.... काय लिहू. राहू दे तशीच.

काळीमाती
जवळ घेऊन बसावंसं वाटलं तुम्हाला.

लष्करवाली
पोहे, कधी वाटलं तर मला मेसेज कर. मी बंद करणार नाही, गुंडाळी कशी घालायची ते दाखवीन. तूच कर. नाही केलीस तरी चालेल.

रेवाकाठ
उशिरा आले. महेश्वरची. आमच्याकडे मागावरून उतरलेल्या किनारीचे तुकडे उरतात, मी त्याचे गळ्यातले करते. कापड दोरीवर गुंडाळून मध्ये पितळेचे मणी. लहर, चटाई, ईंट, ज्या किनारीचा तुकडा मिळेल तो. घाटाच्या पायऱ्यांवर बसते. पुण्या-मुंबईचे लोक आले की मराठी ऐकून खूश होतात आणि मग त्या खुशीत निम्म्या भावात मागतात, "आपलीच आहेस ना". एकदा म्हटलं, आपली आहे म्हणूनच पूर्ण द्या. दिले!
भगोरियाला, म्हणजे आदिवासींच्या हाट-मेळ्याला, पण जाते कधी, होळीच्या आधीच्या आठवड्यात. पण आता तिथे विकायला बसणं अवघड झालंय, गिऱ्हाइकापेक्षा कॅमेरेवाले जास्त. माझ्याकडे माळ बघणाऱ्या मुलीला एकाने हात धरून वळवलं, लाइट अच्छी है म्हणून. माळ टाकून गेली ती. मी त्याला जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही.
आणि चांदी किलोला लाखावर गेल्यापासून हाटात चांदीसारखं दिसणारं गिलटच जास्त दिसतं. म्हाताऱ्यांच्या अंगावर चांदी, नातींच्या अंगावर गिलट.

बडोदेकर काका
ताई, जे बोललात ते मेसेजमध्ये कळवावे. संग्रही ठेवीन.

टिकली
काका हाहाहा

एकदा_तरी
माळवेकरीण, ती माळ आहे का अजून? फोटो टाका ना.

माळवेकरीण
तेच बघत होते. डब्यात नाहीये. ह्यांना विचारलं तर म्हणे मला काय माहीत. मग लेकीला पुण्याला फोन केला. तिच्याकडे आहे! शाळेच्या गॅदरिंगमध्ये घातली होती, तेव्हापासून तिच्याच कपाटात. मी म्हटलं दोन्ही टोकं धरून झटका दे बघू. ती म्हणाली आई वेडी आहेस का, मी मीटिंगमध्ये आहे.

सुईदोरा
संध्याकाळी परत फोन करा.

माळवेकरीण
केला. व्हिडिओवर. दिला झटका. लाल खरंच फिका आहे हो.