जैतापूर : विरोध मावळला म्हणजे नेमका कोणाचा?

(कोल्हापुरातल्या एका सोसायटीतल्या रहिवाशांची चर्चा; नावांऐवजी सदनिका क्रमांक दिले आहेत.)

ब-१०४ : काका, शिरोलीत फाउंड्री चालवणाऱ्याला विजेची किंमत विचारा. कोकणातल्या जैतापूर अणुवीज प्रकल्पाचा विरोध केव्हाच मावळला आहे. २०१३ मध्ये जमिनीच्या भरपाईचा हेक्टरी साडेबावीस लाखांचा दर जाहीर झाला आणि आधी नाही म्हणणाऱ्या अनेकांनी धनादेश घेतले.

अ-३०२ : घेतले, आणि त्यात गैर काहीच नाही. पण माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या गावांत ज्यांचे नाव सातबाऱ्यावर होते, त्यांनाच तो धनादेश मिळाला. जवळच्या साखरी नाटे गावच्या मच्छीमारांचे पोट समुद्रावर आहे आणि समुद्राचा सातबारा निघत नाही. प्रत्येकी १७३० मेगावॉटच्या सहा अणुभट्ट्या थंड करून गरम झालेले पाणी समुद्रात सोडले, तर मासळी किनाऱ्यापासून दूर जाईल, ही त्यांची धास्ती आहे. जमीनवाल्यांचे भांडण निदान काही अंशी दराचे होते, म्हणून तडजोड झाली. मच्छीमारांचे तसे नव्हतेच. १८ एप्रिल २०११ ला प्रकल्पविरोधी आंदोलनावर झालेल्या पोलीस गोळीबारात जो तरुण गेला, तोही साखरी नाट्याचाच होता.

ब-१०४ : कर्नाटकातला कैगा अणुवीज प्रकल्प आपल्यापासून फार लांब नाही. तिथे २००० सालापासून वीज तयार होते आहे. कोल्हापुरात कोणाची झोप उडाली?

अ-३०२ : कैग्याच्या भट्ट्या २२० मेगावॉटच्या, देशी बनावटीच्या आहेत. जैतापूरला फ्रेंच बनावटीच्या यायच्या आहेत आणि फ्रान्समध्येच फ्लामानव्हिल येथे २००७ साली काम सुरू झालेली तशी भट्टी वीजजाळ्याला जोडायला डिसेंबर २०२४ उजाडला. तुमच्या फाउंड्रीला ही वीज कधी आणि कोणत्या दराने मिळेल, याचा हिशेब आधी मांडा. (भारनियमनाचा त्रास मलाही आहे, गावाकडे उसाला पाणी द्यायला रात्री दोनला उठावे लागते.)

क-२०१ : माझे माहेर राजापूर तालुक्यातले असल्यामुळे लिहिते. तिकडे एकाच घरात धनादेश घेतलेले सासरे, मोर्चाला गेलेली सून आणि प्रकल्पात नोकरी लागेल म्हणून आयटीआय केलेला नातू भेटतो. कोयनेचा १९६७ चा भूकंप आठवणारी म्हातारी माणसे तर दराविषयी बोलतच नाहीत, त्यांना धास्ती भूकंपाची आहे.

ब-१०४ : ताई, मग मच्छीमारांचे समाधान कशाने होईल?

क-२०१ : माझ्या भावाच्या शेजारी होडीवाले आहेत. प्रकल्पाच्या बंदोबस्तात आपल्याला जाळे कुठे टाकता येईल आणि कुठे नाही, एवढे तरी लेखी द्या, असे त्यांचे म्हणणे आहे.