मदत हवी आहे: भागाकार काही केल्या जमत नाही, परीक्षा तोंडावर

शेंगदाणा_लाडू
मुलीला भागाकार येत नाही. म्हणजे येतो, पण उत्तर चुकतं. पाढे पाठ आहेत. रोज वीस गणितं घेतेय, क्लासही लावलाय. परीक्षा दोन महिन्यांवर आलीय. लवकर होणारी सोपी पद्धत असेल तर सांगा, ट्रिक असली तरी चालेल. व्हिडिओच्या लिंका नकोत, सगळ्या बघून झाल्यात.

तीस_पाढे
पाढे पाठ म्हणजे कितीपर्यंत? बारापर्यंत पाठ असणं म्हणजे पाठ नव्हे. तीसपर्यंत हवेत आणि उलटेही यायला हवेत. "एकशे एकसष्ट कोणत्या पाढ्यात?" असं विचारलं की "तेवीस साते" हे बोट न मोजता आलं पाहिजे. बाकी सगळं नंतर.

वहीतली_रेघ
ताई, परीक्षा कोणती? इयत्ता? माध्यम? भाजक एकअंकी असताना चुकते की दोनअंकी असताना? चुकलेलं एक गणित तिने वहीत मांडलंय तसंच्या तसं इथे टाका. नुसतं "चुकतं" म्हटल्यावर कोण काय सांगणार?

झटपट_गणित
वैदिक गणितातली ध्वजांक पद्धत शिकवा, शाळेची लांबलचक मांडणी विसरा. २७ ने भागायचं असेल तर २ ने भागायचं, ७ डोक्यावर ठेवायचे. प्रत्येक पायरीला भाग लावायला फक्त दोनचा पाढा लागतो. वेग वाढतो.

शेंगदाणा_लाडू
नवोदय विद्यालयाची प्रवेश परीक्षा. पाचवीत आहे, हे लिहायचं राहिलं. पाढे पंचवीसपर्यंत येतात. कालचं गणित: ८१२७ ÷ २७. तिचं उत्तर ३१. बरोबर ३०१. असली पाच-सहा गणितं रोज चुकतात, बाकीची बरोबर येतात. वहीचा फोटो इथे चढत नाहीये.

वहीतली_रेघ
हे पाढ्यांचं दुखणं नाही. सत्तावीस त्रिक एक्याऐंशी तिला आलं, शेवटचा सत्तावीस एके सत्तावीसही आला. मधला शून्य गळला. २ खाली उतरवले, २७ चा भाग जात नाही म्हणून लगेच ७ पण उतरवले, पण "भाग शून्य वेळा गेला" हे लिहिलंच नाही.
एक सांगा, ती भागाकार कुठे लिहिते? भाज्याच्या उजवीकडे कंसाबाहेर की वर रेघेवर?

शेंगदाणा_लाडू
उजवीकडे. क्लासमध्ये तसंच शिकवलंय. त्याने काय फरक पडतो?

वहीतली_रेघ
इथे तोच सगळा फरक आहे. उजवीकडे ३ च्या शेजारी १ लिहिला की ३१ दिसायला अगदी नीट दिसतात, रिकामी जागा कुठे दिसतच नाही. वर लिहिताना मात्र प्रत्येक अंक आपल्याच घरावर बसवावा लागतो. ८१ ला भाग लावला, म्हणून ३ हा १ च्या डोक्यावर. २ उतरवले, म्हणून २ च्या डोक्यावर काहीतरी आलंच पाहिजे, भाग जात नसेल तर ०. ७ च्या डोक्यावर १. घर रिकामं राहिलं की पोरीलाच दिसतं.

चौकटींची वही आणा, एका चौकटीत एकच अंक. नियम एवढाच: एक अंक उतरवला की वर एक अंक. दोन अंक एकदम उतरवायचे नाहीत.

भाग लावायच्या आधी उत्तर किती अंकी येणार तेही लिहायला लावा. ८१२७ मध्ये पहिल्या भागाला दोन अंक लागले, उरले दोन, म्हणजे उत्तर तीन अंकी. ३१ आलं की जागच्या जागी कळतं. नवोदयला पर्याय असतात. काही पर्याय या अंकसंख्येवरच गळू शकतात, पण ३१ असा पर्याय मुद्दाम ठेवलेला असला तर न तपासणारी मुलं त्यावरच गोल काळा करतात.

झटपट_गणित
एवढा खटाटोप कशाला? नवाचा ताळा घ्या. अंकांची बेरीज करून पाच सेकंदांत उत्तर बरोबर की चूक ते कळतं.

कोरा_कागद
नाही कळत. ३०१ ची अंकबेरीज ४, ३१ ची पण ४. शून्य गळला तर अंकबेरीज बदलतच नाही, म्हणजे या मुलीची जी एकमेव चूक आहे तीच नवाच्या ताळ्याला दिसत नाही. त्यात भाजक २७, नऊच्या पटीतला. उत्तर काहीही लिहा, गुणाकाराचा ताळा शून्यच.

आणि तुमच्या ध्वजांकाचं: ८ मध्ये २ चा भाग चार वेळा जातो. ४ घेतले की पुढे १ मधून ७ × ४ = २८ वजा करायचे. होत नाहीत. मागे या, ३ घ्या. हे मागे येणं कधी करायचं हे पाचवीच्या मुलाला दोन महिन्यांत कोण शिकवणार?

झटपट_गणित
सराव नसेल तर कोणतीच पद्धत चालत नाही. पद्धतीला नावं ठेवू नका.

कोरा_कागद
पद्धतीला नाही, वेळेला ठेवतोय. ८० प्रश्न, २ तास. सरासरी दीड मिनिट.

झेंडू_फूल
ताई, ग्रामीण कोट्यातून अर्ज असेल तर तिसरी, चौथी, पाचवी तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेतून झालेली लागतात. निदान ७५ टक्के जागा ग्रामीणसाठी असतात, मुलींसाठी एक तृतीयांश. कागद आत्ताच काढून ठेवा.

शेंगदाणा_लाडू
अर्ज भरून झालाय हो. भागाकाराचं विचारतेय.
@वहीतली_रेघ, चौकटींची वही आणलीय. अजून एक: भाजक २६, २९ असला की अंदाज बांधायला फार वेळ लावते. पंचवीसच्या पुढचे पाढे येत नाहीत.

तीस_पाढे
पहिल्याच प्रतिसादात काय सांगितलं होतं?

वहीतली_रेघ
तीसपर्यंत पाठ केले तरी ४३ आला की पुन्हा तेच. अंदाज शिकवा. २९ ला ३० धरा. १७२८ ÷ २९: १७२ मध्ये ३० पाच वेळा. २९ × ५ = १४५, उरले २७. ८ उतरवले, २७८ मध्ये ३० नऊ वेळा, २६१, बाकी १७. उत्तर ५९, बाकी १७.

२६ ला ३० धरलं तर अंदाज कमी पडतो. २०८ मध्ये ३० सहा वेळा, पण २६ × ६ = १५६, उरतात ५२. बाकी भाजकाएवढी किंवा मोठी, म्हणजे भाग अजून जातो. ५२ मध्ये २६ दोनदा, म्हणून ८. उलट २४ ला २० धरलं की अंदाज जास्त येतो: १६८ ला ८ घेतले तर १९२, वजाच होत नाहीत, ७ वर या. मुलीला म्हणावं, वजा होत नसेल तर एक कमी, बाकी मोठी उरली तर एक जास्त. खोडावं लागलं तरी बिघडत नाही.

फारच अडली तर कोपऱ्यात भाजकाची दुप्पट, चौपट, आठपट लिहायची: २६, ५२, १०४, २०८. प्रत्येक वेळी आधीच्याची दुप्पट, पाढा लागत नाही. सातपट हवी तर चौपट, दुप्पट आणि एकपट मिळवा.

सहामाही
थोडं अवांतर. दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये "त्र्याण्णव" ऐवजी "नव्वद तीन" आलं, तेव्हा सगळे हसले होते. पण भागाकारात त्र्याण्णव ऐकून ३९ लिहिणारी मुलं बघितली की वाटतं, त्यात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही.

तीस_पाढे
आम्ही पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्धा, पाऊण यांचे पाढे) म्हणायचो, आमचं काही अडलं नाही.

कोरा_कागद
त्यावर वेगळा धागा काढा की.
ताई, माध्यम अजून सांगितलं नाहीत.

शेंगदाणा_लाडू
सेमी. शाळेत गणित इंग्रजीत आहे. नवोदयचा पेपर मात्र मराठीत मागितलाय, तिला वाचायला मराठी सोपं जातं.

कोरा_कागद
हे पहिल्या ओळीत हवं होतं! शाळेत डिव्हिडंड, डिव्हायझर, क्वोशंट, रिमेंडर. पेपरात भाज्य, भाजक, भागाकार, बाकी. त्यातही मराठीत "भागाकार" म्हणजे क्रियाही आणि उत्तरही. रोज पाच गणितं अशा भाषेतली द्या:

"५००० मधून लहानात लहान कोणती संख्या वजा केल्यास ४३ ने निःशेष भाग जाईल?" ५००० ÷ ४३, भागाकार ११६, बाकी १२. उत्तर १२. "मिळवल्यास" असेल तर ४३ − १२ = ३१. वजा आणि मिळवा यांतच मुलं फसतात, त्या शब्दाखाली रेघ ओढायची सवय लावा.

"८८ ने निःशेष भाग जाणारी मोठ्यात मोठी चारअंकी संख्या?" ९९९९ ला भागा, बाकी ५५, ती वजा करा: ९९४४.

आणि दोन्हीकडचे शून्य खोडताना सांभाळा. ७३०० ÷ ४०० चं ७३ ÷ ४ केलं तर भागाकार १८ बरोबर, पण बाकी १ नाही, १०० आहे. जेवढे शून्य खोडले तेवढे बाकीला परत द्यायचे.

शेंगदाणा_लाडू
चार दिवस वर लिहून बघितलं. ८१२७ चं आलं, तशी सगळी आली. पण आता नवीनच. ४५३६ ÷ १८ चं उत्तर २०५२. नको तिथे शून्य!

वहीतली_रेघ
४५ मधून ३६ गेले, उरले ९. ९ हे १८ पेक्षा लहान म्हणून तिने लगेच शून्य दिला, बरोबर? बाकी लहान असणारच, तशीच हवी. तुलना अंक उतरवल्यानंतर करायची. ३ उतरवून ९३ झाले, मग बघायचं: पाच वेळा. उरले ३, सहा उतरवले, ३६, दोन वेळा. २५२.
तोंडाने म्हणायला लावा: "उतरव, मग बघ." आणि अंकसंख्या आधी लिहिली होती का? तीन अंकी यायला हवं होतं, २०५२ चार अंकी आहे.

शेंगदाणा_लाडू
नव्हती लिहिली. आज लिहायला लावते.

डबा_विसरला
सैनिक शाळेच्या सहावीच्या परीक्षेलाही हेच चालेल का? तिथे गणिताचे ५० प्रश्न, १५० गुण असतात.

कोरा_कागद
भागाकार तोच. मुलगा कितवीत, आणि नेमकं काय चुकतं?