कापण्याआधी फ्रेम, आणि प्लायवूडचं काय?

जहाजावरचे जुने मालवाहू कंटेनर एकावर एक रचले तरी दबत नाहीत, मग त्याचं हॉटेल करताना एक बाजू पूर्ण कापली तर काय बिघडतं, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. बिघडतं. रचलेल्या कंटेनरचा भार कोपऱ्यांच्या चार खांबांवर जातो हे खरं, पण ४० फुटांच्या लांबीत वरची कड वाकू न देण्याचं काम बाजूचा नालीदार पत्राच करतो. जेमतेम २ मिलिमीटर जाडीचा, म्हणून बिनकामाचा वाटतो. आधी टेकू देऊन चौकोनी पाइपाची फ्रेम वेल्ड करा, मगच ग्राइंडर लावा. नाहीतर छताला झोल येतो, पावसाचं पाणी साचतं, सरकत्या काचा अडकतात.

कंटेनरच्या आतल्या जमिनीबद्दल मात्र कुणीच बोललं नाही, आणि खाण्याच्या जागेत मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. मूळचं २८ मिलिमीटरचं प्लायवूड बहुधा कीटकनाशक मुरवलेलं असतं, शिवाय त्यावर आधीच्या मालातलं काय सांडलंय ते कळत नाही. दारावरच्या सीएससी पाटीपाशी (कंटेनर सुरक्षित असल्याची धातूची पाटी) लाकडावरच्या प्रक्रियेची नोंद असते, ती खरेदीआधी वाचा. स्वयंपाकघराच्या भागातलं तरी उखडून सिमेंट बोर्ड टाका. वर नुसत्या टाइल्स चिकटवल्या तर धुण्याचं पाणी सांध्यांतून खाली जिरतं आणि प्लायवूड फुगतं.